पाण्यावरून गेलेली रेघ

१

दसऱ्याच्या दुपारी डिचोलीच्या मैदानावर लाऊडस्पीकरवरून दोन गोष्टी जाहीर झाल्या. कोरगाव ते डिचोली ही डोंगरधाव प्रज्योत परब याने जिंकली, ही पहिली. ती त्याने लबाडीने जिंकली, सबब त्याला बाद करण्यात येत आहे, ही दुसरी. पहिलीला टाळ्या पडल्या. दुसरीला हशा पिकला, आणि तो टाळ्यांपेक्षा बराच वेळ चालला.

गुरुदास हरमलकर त्या गर्दीत नव्हते. गर्दीचा त्यांना तिटकारा होता आणि माणसांचाही फारसा लोभ नव्हता. जमीन मोजणी खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतला एकेक बांध त्यांनी पायाखाली घातला होता आणि त्या बांधांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसताना पाहिले होते. निवृत्तीनंतर त्यांना एवढंच हवं होतं की कोणी काही विचारायला येऊ नये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारावर आलेल्या पोदेराकडून उंडे, म्हणजे पाव, घेत होते, तेवढ्यात पूनम दारात येऊन उभी राहिली. पूनम म्हणजे प्रज्योतची थोरली बहीण. मोजणीचं काम ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती, त्यामुळे तिला हाकलून देता येईना.

"काका, माझो भाव चोर नाय," ती पायरीवर बसत म्हणाली.

"चोराची भयण आनी काय सांगतली?"

 पूनमने पर्समधून प्रज्योतचं काळं घड्याळ काढून पायरीवर ठेवलं. धावपटू बांधतात तसलं. उपग्रहांकडून जागा विचारत विचारत आपण कुठून कुठे गेलो याची रेघ ते नकाशावर काढतं. या शर्यतीत वाटेवर माणसं उभी करायला माणसंच नव्हती, म्हणून समितीने यंदा नवा नियम केला होता. शेवटी प्रत्येकाने आपल्या घड्याळातली रेघ दाखवायची. रेघ शर्यतीच्या अंतराएवढी भरली तर ठीक, कमी भरली तर गडी आडवाटेने आला किंवा कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसला. प्रज्योतची रेघ चांगलीच कमी भरली होती.

"उद्या सांजच्याक समितीचे कृष्णनाथबाब दुसऱ्याचा नाव पणजेक धाडतले. राज्याच्या संघात तो दुसरो इलेलो ओंकार जातलो. आमच्या प्रज्योतान चार वर्सां पाय झिजवल्यान ते ह्याच्यासाठीच."

"प्रज्योत काय म्हणता?"

"कायच म्हणना नाय. काल घराक इलो नि धावूचे शूज चुलीत घातल्यान." पूनमने फोन उघडून पुढे केला. "गावातली पोरां तेका 'लिफ्ट' म्हणून हाक मारतत, काका. एका दिसात नाव पडला."

गुरुदासांनी उंडे बाजूला ठेवले. तिच्या फोनवर प्रज्योतची रेघ होती. त्यांनी चष्मा चढवला आणि कोरगावपासून बोटाने ती मागे सारत डिचोलीच्या अलीकडच्या बंद खाणीपाशी आले. तिथे त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला.

"पूनम," ते म्हणाले, "तुझो भाव पाण्यावरसून धावता काय गो?"

२

खाणीचा खड्डा पावसानंतर काठोकाठ भरला होता. खोल, हिरवं, मुकं पाणी. जुना खनिजाचा रस्ता त्याच्या भोवतीने वळसे घेत वर चढत होता, वळण संपलं की दुसरं वळण. पूनमची स्कूटर बाजूला लावून दोघं काठावर उभी राहिली. फोनवरची रेघ मात्र या कोणत्याच वळणाला विचारत नव्हती. ती अलीकडच्या काठावरून निघाली होती आणि सरळ पाण्यावरून पलीकडे पोचली होती.

"मोटरसायकल सुद्धा अशी जावची नाय," गुरुदास म्हणाले. "लबाडी करणारो माणूस आडवाट काढता. ही वाटच न्हय."

त्यांच्या हाताखाली एक आळशी मोजणीदार होता. ओढ्याचा वळसा चालायचा कंटाळा, म्हणून तो अलीकडे एक खुंटी मारायचा, पलीकडे एक मारायचा आणि मध्ये पट्टी ठेवून रेघ ओढायचा. नकाशावर ओढा सरळ व्हायचा. हे घड्याळही तसंच वागलं होतं. एक खूण करायची, झोपायचं, बऱ्याच वेळाने जागं होऊन दुसरी खूण करायची आणि दोन्ही सरळ जोडून टाकायच्या. अशा रेघेत रस्त्याची सगळी वळणं गडप होतात. वळणं गेली की अंतर गेलं.

"बॅटरी वाचवूचो मोड," पूनम एकदम म्हणाली. "पण प्रज्योत तो लावना नाय. सक्काळच्या मीटिंगीत तेका बजावन सांगितलेला, रेघ पुरी होई म्हणून."

कोरगावला परबांच्या घरी प्रज्योत मागच्या पडवीत काजूच्या रोपांच्या पिशव्यांपाशी बसला होता. काटक, सावळा, डोळे सुजलेले. गुरुदासांनी त्याच्यापुढे घड्याळ धरलं आणि सेटिंग एकेक करून उघडायला लावली.

खुणा करणं: सगळ्यात लांब अंतराने. उपग्रह: एकाच जातीचे. नाडी मोजणारा दिवा: बंद. पडद्याचा उजेड: बंद. कंबरेच्या पट्ट्यातल्या फोनशी जोडणी: बंद.

प्रज्योतने दोनदा तीच सेटिंग उघडली आणि मिटली. "हे मी नाय केलंय," तो हळूच म्हणाला. "आदल्या दिसा दुपारी सगळा चालू होता. मी स्वतः बघलंय."

"धावताना कळूक नाय?"

"घड्याळाकडे बघूचाच नाय, असा आमच्या मंडळाच्या सुधीर सरांनी शिकवल्यानी. बघलास की पडदो पेटता, बॅटरी खाता. मी थेट शेवटाक बघतंय."

"मग झाला तर," पूनम उठत म्हणाली. "हे कृष्णनाथबाबाक दाखवया."

"बस खाली. तो म्हणतलो, लिफ्ट घेतलेली लपवूक ह्यानच मोड लावल्यान." गुरुदासांनी घड्याळ खिशात टाकलं. "हात कोणाचो ता सांगल्याशिवाय कोणच आयकूचो नाय. प्रज्योत, दुपारनंतर घड्याळ खंय होता?"

प्रज्योतने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली.

"देवाकडे," तो म्हणाला.

३

शर्यतीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी माणूस ज्या हत्याराने पोट भरतो ते पाटावर मांडून पुजतो. सुतार करवत मांडतो, ड्रायव्हर गाडीच्या चाव्या मांडतो. सुधीर मांद्रेकर सरांच्या धावपटू मंडळात घड्याळं मांडायची रीत होती. सर एका शाळेत खेळ शिकवत आणि पेडण्यातल्या अर्ध्या धावणाऱ्या पोरांना त्यांनीच घडवलं होतं. शर्यतीला येणारी पोरं देवळाच्या अग्रशाळेत उतरली होती. दुपारी सरांनी तबक फिरवून चार्ज केलेली घड्याळं गोळा केली, पाटावर ठेवली, गंध-फूल वाहिलं. पुजलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कोणी हलवत नाही. सकाळी सरांनीच ते उचलून एकेकाच्या मनगटावर बांधलं आणि पोरं निघाली. म्हणजे प्रज्योतने घड्याळ तपासलं नाही यात त्याचा निष्काळजीपणा नव्हता. त्याची भक्ती होती, आणि तिच्यावर कोणीतरी पाय ठेवला होता.

गुरुदासांना राग आला. बऱ्याच वर्षांनी आला, त्यामुळे त्यांना तो नीट ओळखताही येईना.

ज्याचा फायदा झाला त्याच्याकडे आधी जावं, हा साधा हिशेब. ओंकार शेट्ये त्याच मंडळातला, सरांचाच चेला, दुसरा आलेला आणि आता पहिला ठरलेला. त्याच्या घराच्या खिडकीत सत्काराचे हार अजून सुकत होते.

"मी अग्रशाळेत रवाकच नाय," तो फटकन म्हणाला. "आमच्या घरात खंडेनवमी मोठी. माझा घड्याळ घरच्या पाटार होता. सकाळी बाबांनी गाडीन हाडून सोडल्यानी. कोणाकय विचारा."

"विचारलंय. खरा आसा ता."

ओंकार जरा सैलावला. सैलावल्यावर त्याच्या मनातलं भसकन बाहेर आलं. "तुमी तेची बाजू घेतात, पण तेचो माज बघूक नाय तुमी. सगळी वाट फुडे. खाणीचो चढ संपासर एकदाय मागे वळान बघूक नाय. मी मागे आसय काय मेलंय, तेका पडलेली नाय."

 गुरुदासांनी पाणी मागितलं, पिऊन भांडं खाली ठेवलं आणि निघाले.

समितीचे अध्यक्ष कृष्णनाथ गावकर डिचोलीच्या कचेरीत भेटले. दसऱ्याची आपट्याची पानं अजून टेबलावर होती. त्यांनी रेघ पाहिलीच नव्हती, लॅपटॉपवर आलेला आकडा पाहिला होता.

"हरमलकर, रेघ बघायला मी काय ज्योतिषी आहे? आकडा कमी, गडी बाद. आणि दुसरं कलमही वाचा. धावपटूच्या घड्याळाला दुसऱ्या कोणाचा हात लागला असेल तर तो धावपटू बाद, आणि हात लावणारा ज्या मंडळाचा त्या मंडळाची सगळी पोरं बाद. म्हणजे तुम्ही जिंकलात तरी हरलातच." ते दिलखुलास हसले. "त्यापेक्षा सोडून द्या ना."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीर सर अंगणात पोरांकडून व्यायाम करून घेत होते. गुरुदासांना पाहताच ते लगबगीने आले, खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. गोड माणूस. आवाजात माया होती.

"प्रज्योतला मी मुलासारखा वाढवला," ते म्हणाले. "बाप लवकर गेला त्याचा. गेल्या वर्षी साताऱ्याकडच्या शर्यतीत त्याचं घड्याळ मध्येच मेलं, नोंद झाली नाही, हातातला नंबर गेला. तेव्हा पोरगा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. त्यानंतर मी सगळ्यांना बॅटरी वाचवायला शिकवलं. उजेड बंद, नाडी बंद, फोन बंद, उपग्रह एक, खुणा लांब. एवढं केलं की घड्याळ दोन-दोन दिवस मरत नाही."

"पण खुणा लांब केल्या की अंतर चुकतं ना?"

"छे! मोरजीच्या किनाऱ्यावर मी स्वतः धावून मोजलंय. वाळूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत. अगदी नगण्य फरक पडतो."

"मग कोणाचा हात असेल?"

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगू नये, पण तुम्ही विचारताय म्हणून. पूजा झाल्यावर आम्ही सगळे जेवायला गेलो. पाटापाशी रांगोळी घालत एकच माणूस बसला होता. त्याची बहीण, पूनम. भावाचं घड्याळ पुन्हा मरू नये असं तिलाही वाटतच असणार. बिचारीने मायेने केलं असेल."

गुरुदास फाटकाबाहेर आले तेव्हा पूनम स्कूटरवर त्यांची वाट पाहत होती. अग्रशाळेत आपणही होतो, हे तिने त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

५

"होय, होतंय थंय," पूनम म्हणाली. तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवली. "रांगोळी मीच घातलंय. तुमका सांगूक नाय, कारण तुमी पयलो माझोच संशय घेतलो असतो."

"आता घेतंय."

ती चिडली नाही. तिने फोन काढला आणि दसऱ्याच्या सकाळचं पान उघडलं. प्रज्योतचं घड्याळ त्याच्या कंबरेच्या फोनला आणि तो फोन तिच्या फोनला कळवत जाणार होता. नकाशावर एक निळा ठिपका धावताना दिसणार होता. पान कोरं होतं. "आवय नि मी हातात फोन घेऊन बसलेलव. ठिपको येवकच नाय. आवशीन देवाक नारळ बोललो. मी तेका धा वेळ फोन केलंय, पण धावताना तो फोन घेणा नाय. पडलो काय, मेलो काय, कायच कळना." तिने डोळे पुसले. "काका, ती जोडणी मी बंद करीन?"

गुरुदासांनी ते कोरं पान नीट पाहिलं. मग म्हणाले, "नाय. तू करूची नाय." आणि त्यांना अगदी उदास वाटलं, कारण आता एकच माणूस उरत होता.

संध्याकाळी कृष्णनाथांच्या कचेरीत सगळे जमले. प्रज्योतला पूनमने ओढूनच आणलं होतं. ओंकार दाराशी, सर त्याच्या शेजारी, कृष्णनाथ लॅपटॉपमागे. पणजीला जायचं नाव अजून पाठवायचं होतं. गुरुदासांनी आधी पाण्यावरून गेलेली रेघ दाखवली, मग घड्याळ टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"कोणी तरी मोड लावला, हे उघड आहे," ते म्हणाले. "प्रश्न एवढाच, वैऱ्याने की आपल्याने? वैऱ्याला रेघ बिघडवायची असते. त्याने एकच गोष्ट बदलली असती, खुणा लांब केल्या असत्या आणि पळाला असता. पडद्याचा उजेड बंद करून वैऱ्याला काय मिळणार? नाडीचा दिवा विझवून? इथे पाच गोष्टी एकामागून एक, निगुतीने बंद केल्या आहेत. हे घड्याळ मारायला निघालेल्याचं काम नव्हे. ते शेवटपर्यंत जगावं म्हणून धडपडणाऱ्याचं काम आहे."

त्यांनी पूनमकडे पाहिलं, मग सरांकडे.

"असा जीव लावणारी माणसं दोन. बहीण, आणि शिकवणारा. बहिणीने फोनची जोडणी तोडली नसती. भाऊ कुठे आहे ते तिला त्यातूनच दिसणार होतं, आणि ती सकाळभर कोऱ्या पानाकडे बघत बसली. ज्याला तो ठिपका नको होता, जो शेवटच्या रेषेपाशी नुसता उभा राहणार होता, त्यानेच ती तोडली. पुजलेलं हत्यार या पोरांपैकी कोणी हलवलं नसतं. पण पाटावर ठेवणारे आणि उचलणारे हात एकाचेच होते. आणि मोरजीची वाळू सरळ आहे, सर. तिथे झोपलेलं घड्याळही बरोबर अंतर सांगतं. खाणीचे वळसे तुम्ही कधी मोजले नाहीत."

सुधीर सरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी त्याच्यासाठीच केलं," ते म्हणाले. "पूजेला तबकात घेतलं तेव्हाच केलं. सकाळच्या मीटिंगला मी नव्हतो, मी देवळात मांडामांड करत होतो. रेघेचा एवढा बाऊ करणार आहेत हे मला ठाऊक नव्हतं. पुन्हा याचं घड्याळ मरू नये, एवढंच माझ्या मनात होतं. देवाशपथ."

"ते खरं आहे," गुरुदास म्हणाले. "पण निकालाच्या वेळी लॅपटॉपवर ती रेघ तुम्ही पाहिलीत. तुम्ही मैदानावर त्यांच्या टेबलाशीच उभे होता, हे कृष्णनाथांनीच मला सांगितलं. त्या क्षणी तुम्हाला कळलं. आणि आज सकाळी मला तुम्ही बहिणीकडे बोट दाखवलंत."

"बोललो असतो तर कलमाप्रमाणे ओंकारही बाद झाला असता!" सर कळवळून म्हणाले. "सगळं मंडळ बाद. एक तर गेलाच होता, निदान दुसरा तरी..."

"आणि तो दुसरा," गुरुदास ओंकारकडे वळले, "खाणीचा चढ संपेपर्यंत याची पाठ बघत धावत होता. लिफ्ट घेतलेल्या माणसाची पाठ दिसत नाही, ओंकार. तुला माहीत होतं."

ओंकारने बुटाच्या नाडीकडे पाहिलं. "माका कोणी विचारूक नाय," तो म्हणाला.

६

कृष्णनाथांनी घसा साफ केला. अशा वेळी मार्ग काढणं हे त्यांचं कसब होतं. "हे बघा, झालं ते वाईट झालं. पण कलम लावलं तर इथे कोणीच उरत नाही, तिसरा आलेला बेळगावचा, म्हणजे गोव्याचं नाव जाणारच नाही. तेव्हा प्रज्योतवरचा लबाडीचा ठपका मागे. कचेरीच्या फळ्यावर तसं लावतो. ओंकारचं नाव जाऊ दे. सगळ्यांचंच भलं."

"फळो कोण वाचता?" पूनम उसळली. "चोर म्हणताना लाऊडस्पीकर होतो! भरल्या मैदानात! तसोच परत सांगा, लाऊडस्पीकरार सांगा!"

"अगं बाई, तो भाड्याचा होता. गेला तो."

गुरुदास काहीतरी बोलणार होते, पण कलम त्यांनीही वाचलं होतं. कोडं त्यांनी सोडवलं होतं आणि त्याने पोराच्या पदरात काही पडत नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि ती कोणावर काढावी ते कळेना.

प्रज्योत उठला. तो सरांसमोर जाऊन उभा राहिला. सरांनी नेहमीच्या सवयीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याने तो झटकला नाही. तो फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"घड्याळ तुमी माझ्यासाठी केलात, सर," तो म्हणाला. "ता माका कळला. माका राग नाय. पण गप कोणासाठी रवलात?"

सरांचे ओठ हलले. प्रज्योत थांबला. तो खरंच उत्तरासाठी थांबला होता, काहीही चाललं असतं त्याला, एखादं खोटंसुद्धा. सर बोलले नाहीत. मग त्याने खांद्यावरचा हात उचलून हलकेच खाली सोडला, घड्याळ टेबलावरच राहू दिलं आणि बाहेर गेला. पूनम त्याच्या मागून धावली.

 ओंकार भिंतीला टेकून उभा होता. कृष्णनाथांनी लॅपटॉप पुढे ओढला, पणजीला जायचं ओंकारचं नाव टाइप केलं, पाठवलं, आणि दारातून डोकावणाऱ्या शिपायाला चहा सांगितला.

"किती?" शिपायाने विचारलं.

गुरुदास छत्री घेऊन उठले. "माका नको," ते म्हणाले.

"मला बिनसाखरेचा," सुधीर सर म्हणाले.